एका गोणीतल्या दोन लसी

२०२२ च्या जानेवारीत, संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले असतील, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात मी तीस वर्षं गणित शिकवलं. हा मुलगा दहावीत शेवटच्या बाकावर बसायचा, पण तोंडी हिशेबात वर्गाच्या पुढे असायचा. घर कणकुंबीच्या बाजूला, रानाला लागून. दरवर्षी भातं मळून झाली की सगळं घर चोर्ला घाट उतरून गोव्यात सत्तरीत जातं, काजूच्या बागेवर. बोंडू गोळा करायचे, बी पिळून वेगळी करायची, बागेतला पाचोळा झाडायचा. मे महिन्यात पावसाचे ढग दिसले की परत.

"सर, रामदुर्गात सुई देऊन तीन पोरं गेली म्हणे. आमची आता नऊ महिन्यांची झालीय, आशाताई सारखी येऊलीय. आणि तिकडं बागेवर माकडतापाची पण सुई देऊलेत. आई म्हणतीय, एक पण नको. काय करायचं सांगा."

मी डॉक्टर नव्हे. ते त्याला सांगितलंच. पण त्याने विचारलेली गोष्ट निम्मी वैद्यकीय होती आणि निम्मी हिशेबाची, आणि हिशेबाच्या निम्म्या भागात मी त्याला वाऱ्यावर सोडू शकत नव्हतो. पुढच्या वर्षभरात जे झालं ते त्या घराच्या परवानगीने, गाव-नाव वगळून लिहितो आहे. यात माझी एक चूक आहे, तीही लिहितो.

घरात काय स्थिती होती

माणसं सहा. वडील पन्नाशी ओलांडलेले, आई, थोरला म्हणजे माझा विद्यार्थी, त्याची बायको, धाकटा सतरा वर्षांचा आणि नऊ महिन्यांची मुलगी. २०१९ च्या पावसाळ्यानंतर वडील आणि थोरला बागायतीच्या कामाला लवकर खाली उतरले होते. तेव्हा तिथल्या शिबिरात दोघांनी माकडतापाच्या, म्हणजे रानातल्या गोचिडांतून होणाऱ्या तापाच्या, लशीचे दोन डोस महिन्याच्या अंतराने घेतले होते. सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर घ्यायचा होता, तो २०२० च्या लॉकडाउनमध्ये राहून गेला. बाकी कुणी ती लस घेतली नव्हती. कोविडची लस मोठ्या सगळ्यांची झाली होती.

आता दोन प्रश्न एकाच वेळी दारात उभे होते. मुलीला गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचा की नाही? आणि धाकट्याने माकडतापाची लस घ्यायची की नाही, वडिलांनी पुन्हा घ्यायची की नाही? आईने दोन्ही एका गोणीत घालून गोणीचं तोंड शिवून टाकलं होतं. सुई म्हणजे सुई. मला तिचा राग आला नाही. आपल्याच जिल्ह्यात गोवर-रुबेलाची सुई घेतल्यावर तीन बाळं गेली, ती बातमी ऐकून ज्या आजीच्या पोटात गोळा येत नाही तिला नातवंडाची किंमत कळली नाही असंच मी म्हणेन.

पण गोणी उसवणं भाग होतं. दोन्ही लसींचा धोका वेगळा होता आणि दोन्हींच्या गुणाचं मोजमाप तर फारच वेगळं होतं.

पहिली लस: गोवर-रुबेला

रामदुर्ग तालुक्यात जे घडलं त्यात प्राथमिक चौकशीचा ठपका लस साठवण्यातल्या आणि हाताळण्यातल्या निष्काळजीपणावर आला, कर्मचारी निलंबित झाले. हा फरक कागदी वाटेल. ज्या आयांची बाळं गेली त्यांना त्याने काय समाधान मिळणार? पण ज्या आईला उद्या निर्णय घ्यायचाय तिच्यासाठी सगळं त्या फरकावर उभं आहे. धोका लशीतच असेल तर ती कुठेही, कुणाकडूनही घेतली तरी तो सोबत येणार. धोका हाताळणीत असेल तर तो डोळ्यांनी पाहता येतो, विचारता येतो, टाळता येतो.

गोवर-रुबेलाची लस कोरडी पूड म्हणून येते. सोबत आलेलं पाणी त्यात मिसळलं की ती तयार होते, आणि त्या क्षणापासून तिचं आयुष्य चार तासांचं. त्यात जंतू मारणारं रसायन नसतं. म्हणून उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरली, किंवा दिवसभर उष्म्यात ठेवली, तर एखादा जंतू शिरून तिच्यात वाढू शकतो आणि बाळाच्या अंगात विष भिनल्यासारखं होऊ शकतं. बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं, त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर बाटली उन्हाने खराब झालेली नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती फेकायची. पण हा चौकोन फक्त उष्णतेचं सांगतो. बाटली किती वाजता उघडली ते सांगत नाही, ती वेळ बाटलीवर लिहावी लागते.

एवढं मी थोरल्याला फोनवर सांगितलं आणि वहीत उतरवून घ्यायला लावलं. बाटली आमच्यासमोर उघडणार का, उघडल्याची वेळ लिहिलीय का, पाणी त्याच लशीसोबतचं आहे का, सिरिंज नवी आहे का, आणि सुई दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं.

आता गुण. नऊ महिन्यांना दिलेला एक डोस साधारण ८५ टक्के मुलांना गोवरापासून वाचवतो. उरलेल्यांत बरीच मुलं अशी की आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अजून अंगात असते आणि ती लशीला रुजू देत नाही. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस असतो. हा आकडा एका गावाच्या, एका वर्षाच्या अनुभवावर उभा नाही. जगभर, कित्येक दशकं, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या रीतीने मोजूनही तो फार हलत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली तेव्हाही मोबाइलवर अफवांचा पूर आला होता. माझ्याच शाळेत त्या दिवशी गैरहजेरी वाढली होती, ते आठवतंय.

मुलीच्या बाबतीत माझं मत सरळ होतं: द्या, पण डोळे उघडे ठेवून द्या. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच सुनेबरोबर केंद्रात गेली. सिस्टरने बाटली फिरवून दाखवली, वेळ लिहून दाखवली. मुलीला रात्री थोडा ताप आला, दुसऱ्या दिवशी उतरला. तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी कार्डावर, नोंद झाली.

इथे एक आडवळण घेतो. बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सीन डेपोचं मैदान आहे. शेकडो माणसं तिथे सकाळी फिरायला येतात आणि ते नाव कुठून आलं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ब्रिटिश काळात तिथे वासरांच्या अंगावर देवीची लस तयार होत असे. देवीच्या लशीचा गुण मोजायला टक्केवारी लागली नाही. कुणाच्या तोंडावर वण आहेत आणि कुणाच्या नाहीत, हे बाजारात उभं राहून दिसायचं. आपल्या आजीच्या पिढीचा लशीवरचा विश्वास त्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीतून आला. आजच्या लसींचं तसं नाही. गोवर झालेलं मूल आता क्वचितच दिसतं, त्यामुळे लस काय करते तेही दिसत नाही, आणि मग आकड्यांवर विश्वास ठेवायचा किंवा नाही ठेवायचा, एवढंच हातात राहतं.

दुसरी लस: इथे गाडी अडली

माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, कन्नडमध्ये मंगन कायिले. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासनूर रानात माकडं पटापट मरू लागली, माणसं तापाने फणफणली, आणि त्यातून हा विषाणू सापडला. तो गोचिडांतून पसरतो, विशेषतः पाचोळ्यातल्या बारीक, टाचणीच्या टोकाएवढ्या पिलांमधून. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. काजूचा हंगाम नेमका तोच. चावल्यावर तीन ते आठ दिवसांनी एकदम चढा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, काहींना हिरड्यांतून रक्त. काहींचा ताप उतरतो आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उलटतो, तेव्हा तो मेंदूवर जातो. शंभरातले तीन ते पाच जण दगावतात. यावर नेमकं औषध नाही, जपायचं आणि तब्येत सांभाळायची.

अनेक वर्षं हा आजार शिवमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरता राहिला. मग तो घाटाच्या कडेने सरकत गेला. २०१५ मध्ये सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. त्याच सुमारास आपल्या बेळगाव जिल्ह्यातही रुग्ण निघाले, काजूच्या कामाला गोव्यात जाऊन आलेल्या मजुरांत. म्हणजे हा प्रश्न त्या एका घराचा नव्हता, आमच्या सगळ्या पश्चिम पट्ट्याचा होता.

लस होती. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत विषाणू वाढवून तो फॉर्मॅलिनने मारायचा, अशी. १९९० च्या सुमारापासून वापरात. सुई दुखते, ही सगळ्यांची तक्रार, आणि ती खरी. दंड दोन दिवस उचलत नाही. रोजंदारीच्या माणसाला दोन दिवस म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आता गुणाचे आकडे. १९९०-९२ मध्ये कर्नाटकात गावोगाव लस देऊन झालेल्या पाहणीत एका डोसने ७९.३ टक्के आणि दोन डोसांनी ९३.५ टक्के बचाव दिसला. पुढे २००५ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला गेला तेव्हा दोन डोसांचा आकडा ६२.४ वर आला, बूस्टर घेतलेल्यांचा ८२.९. २०११-१२ च्या साथीत तर लस घेतलेलेही आजारी पडले.

थोरला म्हणाला, "सर, एकच सुई. कधी त्र्याण्णव, कधी बासष्ट. खरं कुठलं?"

तीस वर्षं शिकवलं त्यात इतका चांगला प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नसेल.

टक्का कशाचा?

त्याला मी आधी त्याने ऐकलेला आकडा दिला. कोव्हॅक्सिनचा ७७.८ टक्के. ज्या बारा रुग्णालयांत तिच्या पहिल्या चाचण्या ठरल्या त्यातलं एक बेळगाव शहरातलं, त्यामुळे ते नाव इथे घरोघरी झालं होतं. लोक म्हणायचे, शंभरातले बावीस आजारी पडणार. तसं नाही. तिसऱ्या टप्प्यात दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ हजार माणसांचा हिशेब होता. लस नसलेली खोटी सुई टोचलेल्यांत १०६ जणांना लक्षणांसह कोविड झाला, लस टोचलेल्यांत २४ जणांना. १०६ च्या जागी २४, म्हणून सत्त्याहत्तर टक्क्यांची घट. पण न घेतलेल्या शंभरातही त्या काळात आजारी पडले ते सव्वा माणूस. टक्का शंभर माणसांचा नसतो, न घेतलेल्यांत जेवढे पडले त्यांच्या तुलनेतला असतो.

म्हणून कुठलाही असा आकडा म्हणजे अपूर्णांकावर अपूर्णांक. चार खोल्या असतात: घेतलेले किती, त्यातले पडले किती, न घेतलेले किती, त्यातले पडले किती. एक खोली जरी चुकीची भरली तरी उत्तर चुकतं. कोव्हॅक्सिनच्या चाचणीत कुणाला लस आणि कुणाला खोटी सुई हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं, आणि टोचणाऱ्याला किंवा तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते माहीत नव्हतं. माकडतापाच्या लशीचं मोजमाप झालं ते गावांत, मोहिमेनंतर, घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करून. तशी तुलना वाईट नसते, पुष्कळदा तेवढीच शक्य असते. पण तिच्यात खोल्या चुकीच्या भरण्याच्या वाटा पुष्कळ.

शिबिर दुपारी शाळेत भरतं. दुपारी घरी कोण असतं? म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका. रानात कोण असतं? ज्यांना गोचीड चावणार ते. मग लस घेतलेल्यांत कमी चावलेल्यांची भरती होते आणि लस आहे त्यापेक्षा गुणी दिसते. उलटंही होतं: रानात जाणारेच घाबरून रांगेत आले तर लस आहे त्यापेक्षा निकामी दिसते.

दुसरी वाट मला जास्त त्रास देते. समजा एका गावात पाचशे जणांनी लस घेतली, पाचशे जणांनी नाही. न घेतलेल्यांत वीस जणांना माकडताप झाला, घेतलेल्यांत पाच जणांना. बचाव ७५ टक्के. आता समजा, ताप घेऊन आलेल्या माणसाला दवाखान्यात विचारलं, "लस घेतलीय?" तो म्हणाला, "होय." "मग तो ताप नव्हे," म्हणून रक्त तपासायला पाठवलंच नाही. असे तिघे सुटले तर कागदावर पाचाचे दोन होतात, आणि ७५ चे ९० टक्के. माणसं तेवढीच पडली, लस तीच. लस चांगली आहे या समजुतीनेच ती आणखी चांगली दिसू लागली.

आणि ते ६२.४? त्या अभ्यासातच त्याच्या मागेपुढे २६.१ ते ८०.८ असा पल्ला दिलेला आहे. म्हणजे खरं उत्तर पाव भाग बचाव इतकं खाली किंवा चार-पंचमांश इतकं वर असू शकतं. दशांशासकट ६२.४ सांगायचं आणि हा पल्ला सांगायचा नाही, हे मला गणिताचा माणूस म्हणून सहन होत नाही. मंत्र्याने केलं तरी, पेपरने केलं तरी. आणि मी स्वतः केलं तरी.

निर्णय, आणि माझी चूक

धाकट्याचा हिशेब असा मांडला. पहिला डोस जानेवारीअखेर, दुसरा फेब्रुवारीअखेर, त्यानंतर कुठे मार्चच्या मध्यावर काही बचाव. म्हणजे निम्मा हंगाम उघडाच जाणार. ही लस पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये द्यायची असायची, आणि हंगामी मजूर तेव्हा आपल्या गावात शेतीच्या कामात असायचा. शिबिर एका जागी, माणूस दुसऱ्या जागी. तोटा काय? दुखरा दंड, एखाद दिवसाचा ताप, दोन दिवसांची मजुरी. लाभ अर्धवट, पण आजार जीवघेणा. मी म्हटलं, "घे. खरं, घेतली नाही असं समजून वाग." अंगभर कपडे, पाचोळ्यात बसायचं नाही, गोचीड पळवायचं तेल हातापायाला चोळायचं, संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ करून कपडे उकळायचे, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं. त्याने घेतली, दोन्ही.

सून बाळाला घेऊन कणकुंबीकडेच राहिली. आईही राहिली.

वडिलांनी विचारलं, "मास्तर, माझे दोन झालेत. परत घेऊ?"

मी म्हणालो, "दोन झालेत म्हणजे साठ टक्के तरी आहे तुम्हाला."

दोन वाक्यांपूर्वी मी त्यांच्या मुलाला पल्ला समजावत होतो. आणि बापाला, त्यांचा चेहरा बघून, धीर द्यायचा म्हणून एक सुटा आकडा दिला. बूस्टर चुकलेला, मध्ये दोन वर्षं गेलेली, त्या दोन डोसांचं आता काय उरलं असेल हे कुणीही मोजलेलं नव्हतं. मला म्हणायला हवं होतं, "काका, नसल्यात जमा धरा." ते नाही म्हटलं. पुढे थोरल्याने सांगितलं की बाबांनी तेल एकदाच लावलं, वास येतो म्हणून. दुपारी जेवून पाचोळ्यावरच आडवे व्हायचे. म्हणायचे, "मला साठ टक्के आहे."

मार्च

बागेच्या वरच्या अंगाला एक माकड मेलेलं दिसलं होतं. बागमालकाने ते पुरलं, कळवलं नाही.

शिमग्याला वडील गावी आले. होळीच्या दुसऱ्या दिवशी ताप चढला. जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर माहितगार होते, काजूच्या कामाला जातात म्हटल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, "माकडतापाची लस?" वडिलांनी अभिमानाने सांगितलं, "दोन." आणि डॉक्टर म्हणाले, "मग टायफॉइड बघूया."

ज्या खोलीची मी थोरल्याला समजा-समजा करून गोष्ट सांगितली होती, त्या खोलीत त्याचा बाप जाऊन पडला. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. तेव्हा थोरला अडून बसला: लस घेतलेल्यांनाही होतो, रक्त पाठवा. बेळगावला मोठ्या दवाखान्यात हलवलं. प्लेटलेट घसरल्या होत्या, पांढऱ्या पेशीही. नमुना गेला, उत्तर आलं: माकडताप.

ते वाचले. पंधरा दिवस अंथरुण, नंतर दोन महिने हातात कोयता धरवत नव्हता. ताप उलटला नाही, हे नशीब. मी भेटायला गेलो तेव्हा मीच गप्प होतो. त्यांनी माझ्याकडे बघून, "मास्तर, चाळिसात पडलो बघा," एवढंच म्हटलं. त्यांना तसंच वाटत होतं, की शंभरातले साठ वाचतात आणि चाळीस पडतात. मी उशाशी बसून पुन्हा समजावलं नाही. समजवायची वेळ जानेवारीत होती.

ती नोंद कुठे गेली

दवाखान्यातला अर्ज मी पाहिला. पत्ता खानापूर तालुका, म्हणून रुग्ण बेळगाव जिल्ह्याच्या यादीत. गोचीड चावली गोव्यात. लस टोचली गोव्यात, त्याची वही तिथल्या केंद्रात. वडिलांचं कार्ड बागेवरच्या खोलीत राहिलेलं, आणि २०१९ चं ते कार्ड धाकट्याने शोधेपर्यंत अर्ज पुढे गेला होता. लसीकरणाच्या रकान्यात लिहिलं होतं: माहीत नाही.

हिशेब करणारा "माहीत नाही" बाजूला काढून ठेवतो. ठेवावंच लागतं. म्हणजे दोन डोस घेऊन पडलेला माणूस चारही खोल्यांतून बाहेर गेला. गोव्याच्या वहीत तो आजही लस घेतलेला आणि न पडलेला असणार, कारण त्याच्या आजाराची खबर घाट उतरून खाली जाण्याची वाट मला तरी सापडली नाही. एका राज्यात छेद, दुसऱ्या राज्यात अंश. आम्ही सीमेवरची माणसं भाषेच्या, पाट्यांच्या, कार्यालयातल्या अर्जांच्या भानगडी जन्मभर सोसतो. पण आमचा ताप दोन राज्यांत वाटला जातो आणि त्यामुळे एका लशीचा गुण चुकीचा मोजला जातो, हे मला या घरामुळे कळलं.

मी आणि थोरल्याने कार्डाची प्रत जोडून दोन्हीकडे पत्रं दिली, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. कन्नड पत्र माझ्या शेजाऱ्यांनी लिहून दिलं. बेळगावातल्या एका अधिकाऱ्याने फोन करून डोसांच्या तारखा विचारल्या आणि नोंद दुरुस्त करून घेतली. खालून उत्तर आलं नाही.

२०२२ सरता सरता बातमी आली की कर्नाटकाने ही लस देणं थांबवलं. गुण उरला नाही म्हणून. नवी लस तयार करण्याचं काम त्यानंतर हाती घेतलं गेलं. थांबवली ते बरोबर झालं असं माझं मत आहे. फार आधी थांबवायला किंवा सुधारायला हवी होती, असंही मत आहे, कारण ९३.५ हा आकडा १९९० च्या बाटल्यांचा होता आणि तो वीस-पंचवीस वर्षं नव्या बाटल्यांच्या गळ्यात बांधला गेला.

ही बातमी ऐकून आईने मला घरी बोलावलं. मला वाटलं, आता ऐकवणार: बघा, मी म्हणत होते, एक पण नको. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "ती सुई बाद झाली म्हणे. मग बाळाची ती दुसरी? ती पण बादच?"

मुलीचा दुसरा गोवर-रुबेला डोस तोपर्यंत झालेला नव्हता. ऑगस्टमध्ये सोळा महिने पुरे झाले होते, घरात आजारपण, त्यात राहिलं होतं. नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवराची साथ सुरू होती, गोवंडीतली बातमी रोज टीव्हीवर. मी त्यांना म्हटलं, काकी, ती वेगळी गोणी. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि सुनेला कार्ड काढायला सांगितलं.

गुरुवारी केंद्रात गेलो तेव्हा मीही सोबत होतो. सिस्टरने बाटली उचलली. आजीने नातीला मांडीवर घट्ट धरलं आणि विचारलं, "कधी उघडलीस गं ही?"

"दहा वाजून दहा मिनिटांनी, आजी. हे बघा."

आजीला आकडा वाचता येत नाही. तिने बाटली थोरल्यापुढे धरायला लावली. त्याने वेळ वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, वजाबाकी केली आणि मान हलवली.

जानेवारीत तिघे पुन्हा घाट उतरले. सोबत तेलाच्या दोन बाटल्या होत्या आणि वडिलांनी आपण होऊन खोळीत घातलेली, दुपारी पडायला, एक बाज.